तर्क आणि तपास

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप चालता चालता पाणी टाकायचा थांबला, की काय होते हे तुम्हांला सांगायला नको. घटकाभरात चार माणसे जमतात. एक म्हणतो, "विहिरीचे पाणी खाली गेले." दुसरा म्हणतो, "फुटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला." तिसरा म्हणतो, "व्होल्टेज कमी आहे." आणि चौथा, काही न पाहता, म्हणतो, "यानेच नीट चालू केला नसेल." पहिल्या तिघांनी यंत्राचा विचार केला, चौथ्याने माणसाला धरले. पहिल्या तिघांचे म्हणणे दोर सोडून, जाळी वर काढून पाहता येते. चौथ्याचे म्हणणे तपासायला कुणी थांबत नाही. आणि नेमके तेच गावभर होते.

आज अशाच एका घटनेची हकीकत सांगायची आहे. मात्र तिथे पंप नव्हता, दोन प्रचंड इंजिनांचे प्रवासी विमान होते. आणि तर्क लढविणारे शेजारीपाजारी नव्हते, तर जगभरचे अनुभवी वैमानिक होते. त्यांच्यापैकी पुष्कळांचे तर्क शहाणपणाचे होते. तरीही खरे कारण वेगळेच निघाले, आणि ते सापडावयास दोन वर्षे लागली. हे असे का झाले आणि त्यात आपण शिकावे असे काय आहे, ते पाहू.

हीथ्रोवर काय घडले

१७ जानेवारी २००८ ही तारीख. ब्रिटिश एअरवेज कंपनीचे बोइंग ७७७ जातीचे विमान चीनची राजधानी बीजिंग येथून निघून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत होते. विमानात १३६ प्रवासी आणि १६ कर्मचारी, अशी १५२ माणसे होती. मंगोलिया, सैबेरिया, स्कँडिनेव्हिया असा साडेदहा तासांचा प्रवास संपत आला होता. मुख्य वैमानिक होते पीटर बर्किल. उतरण्याच्या वेळी विमान हाती होते सहवैमानिक जॉन कॉवर्ड यांच्या. हवा बरी होती, धावपट्टी समोर दिसत होती. सारे नेहमीसारखे चालले होते.

विमान उतरताना इंजिनाचा जोर एकसारखा कमीजास्त करावा लागतो. बैलगाडी उतारावरून नेताना कासरा कधी आवळावा लागतो, कधी सैल सोडावा लागतो, तसेच ते. हे काम आजच्या विमानांत स्वयंचलित यंत्रणा करते. विमान जमिनीपासून सुमारे ७२० फुटांवर असताना त्या यंत्रणेने इंजिनांकडे जास्त जोर मागितला. आधी उजव्या इंजिनाचा जोर वाढण्याऐवजी घसरला. सात-आठ सेकंदांनी डाव्याचेही तेच झाले. इंजिने बंद पडली नाहीत. पण ती नुसती घरघरत राहिली, ओढ घेईनात. वैमानिकांनी हाताने दांडे पुढे सारले, तरीही उपयोग झाला नाही.

आता हातात एक मिनिटही उरले नव्हते. खाली रस्ते होते, घरे होती. बर्किल यांनी एक निर्णय घेतला. विमानाच्या पंखांना मागच्या बाजूला फ्लॅप नावाच्या पट्ट्या असतात. त्या बाहेर काढल्या, की विमान कमी वेगातही तरंगते, पण वाऱ्याचा अडथळा वाढतो. त्यांनी त्या पट्ट्या थोड्या आत घेतल्या. अडथळा तेवढा कमी झाला आणि विमान थोडे पुढे सरकले. ते विमानतळाच्या कुंपणावरून आत आले, आणि धावपट्टीच्या फरसबंदीपासून सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतावर आदळले, घसरत गेले, आणि धावपट्टीच्या तोंडाशी थांबले. चाकांचा एक सांगाडा तुटून वेगळा झाला. इंधन सांडले, पण पेट घेतला नाही. एका प्रवाशाचा पाय मोडला, इतर काही जणांना लहानसहान दुखापती झाल्या. पण एकही माणूस दगावला नाही.

तर्कांचा बाजार

दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने एक छोटे निवेदन काढले. त्याचा आशय इतकाच, की जोर मागितला आणि इंजिनांनी तो दिला नाही. का दिला नाही, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. ती रिकामी जागा लोकांनी भरली.

वैमानिकांनी तर्क करावेत यात नवल नाही, आणि गैरही नाही. बोइंग ७७७ हे जगभर उडणारे विमान. ज्याला उद्या सकाळी त्याच जातीच्या विमानात तीनशे माणसे घेऊन निघायचे आहे, तो 'अहवाल येईल तेव्हा पाहू' म्हणून स्वस्थ कसा बसेल? शिवाय कोडेही अवघड होते. या विमानात डाव्या इंजिनाला डाव्या टाकीतून इंधन मिळते, उजव्याला उजव्या टाकीतून. नळ्या वेगळ्या, पंप वेगळे, इंजिनांवर ताबा ठेवणारी संगणक यंत्रेही वेगळी. एक इंजिन बिघडू शकते. पण दहा तास निर्धोक चाललेली दोन्ही इंजिने सात-आठ सेकंदांच्या अंतराने कशी काय बिघडावीत? म्हणजे दोहोंना समाईक असे काहीतरी कारण असले पाहिजे. इथवरचा विचार बिनचूक होता. येथून पुढे वाटा फुटल्या.

कुणी म्हणाले, इंधन संपले असेल. पाहिले तेव्हा टाक्यांत सुमारे साडेदहा हजार किलो इंधन शिल्लक होते.

कुणी म्हणाले, पक्षी इंजिनात शिरले असतील. इंजिने उघडून पाहिली. पक्ष्यांच्या खुणा मिळाल्या नाहीत.

कुणी म्हणाले, बीजिंगमध्ये भरलेले इंधनच खराब असेल, त्यात पाणी किंवा घाण असेल. नमुने प्रयोगशाळेत तपासले. इंधन ठरलेल्या कसोटीला उतरले. टाकीत मात्र एक वस्तू सापडली, प्लास्टिकची एक छोटी खरवडणी. कारखान्यातल्या कामाच्या वेळी ती आत राहून गेली असावी. चोर सापडला असे वाटण्याजोगाच हा प्रसंग. पण तपासनिसांनी घाई केली नाही. ती वस्तू जिथे होती तिथून दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा अडू शकतो का, हे तपासले. उत्तर आले, नाही. सापडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे पुरावा नव्हे.

काहींनी वेगळीच गोष्ट काढली. त्याच वेळी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन हे चीनला जाण्यासाठी मोटारींच्या ताफ्यासह हीथ्रोकडे येत होते. त्यांच्या रक्षणासाठी ताफ्यात रेडिओ लहरी अडविणारे यंत्र असेल आणि त्या लहरींनी विमानाची यंत्रे बिघडवली असतील, असा हा तर्क. ऐकायला मोठा रंगतदार. पण विमानातल्या नोंदयंत्राने दाखविले, की विमानातली यंत्रे त्या काळात आपले काम बरोबर करीत होती. जे घडले ते बाहेरच्या लहरींनी घडविले, असे सांगणारे काहीही सापडले नाही.

विचारी मंडळींनी आणखी एक तर्क केला. विमानाचे इंधन हे रॉकेलच्याच जातीचे. थंडीत खोबरेल गोठते, तसे सैबेरियावरच्या थंडीत हे इंधन गोठून दाट झाले असेल. त्या दिवशी वाटेत बाहेरच्या हवेचे तापमान शून्याखाली सत्तर अंशांच्याही खाली गेले होते, हे खरे. म्हणून या तर्काला वजन होते. तपासात दिसले, की टाकीतल्या इंधनाचे तापमान कमीत कमी उणे ३४ अंशांपर्यंतच उतरले होते. आणि हे इंधन गोठायला उणे ५७ अंश थंडी लागते. म्हणजे इंधन गोठले नव्हते. हा तर्क खऱ्या कारणाच्या अगदी शेजारून गेला, पण घर चुकला. शेजारच्या घरावर थांबलो असतो, तर उपायही चुकीचाच झाला असता.

आणि शेवटचा तर्क, आपल्या त्या चौथ्या माणसाचा. वैमानिकच चुकला असेल.

एका माणसाची दोन वर्षे

बर्किल आणि त्यांचे सहकारी यांचे प्रारंभी कौतुक झाले. पण कारण कळत नाही तोवर कौतुकही टिकत नाही. बर्किल यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितले आहे, की ऐन वेळी ते नुसते गोठून बसले, त्यांनी काहीच केले नाही, अशी कुजबुज त्यांच्याच बरोबर काम करणाऱ्यांत पसरली. ज्यांच्याशी रोज बोलणेचालणे, त्यांच्या नजरा बदलल्या. चौकशी चालू असल्यामुळे त्यांना स्वतःची बाजू मोकळेपणी मांडता येईना. २००९ साली त्यांनी कंपनीची नोकरी सोडली. २०१० साली ते परत आले.

अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला ९ फेब्रुवारी २०१० रोजी. त्या 'काहीच न करणाऱ्या' माणसाविषयी त्यात काय आढळले? त्याने फ्लॅप आत घेतल्यामुळे विमान सुमारे ५० मीटर पुढे जाऊन टेकले. तसे केले नसते, तर विमान त्या ५० मीटर अलीकडे, उतरण्याची दिशा दाखविणाऱ्या यंत्रणेच्या अँटेनांपाशी आदळले असते आणि मोडतोड बहुधा जास्त झाली असती. ही कृती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. दोन्ही इंजिने इतक्या खाली असताना दगा देतील, हेच कुणी धरले नव्हते.

अफवा एका दिवसात पसरली. तिचे उत्तर यायला दोन वर्षे लागली. आणि उत्तर आले तेव्हा अफवा ऐकलेल्या प्रत्येकाने ते वाचले असेल, असे थोडेच आहे?

खरे कारण कसे सापडले

आता तपासाकडे वळू. विमानात उड्डाणाच्या नोंदी ठेवणारी यंत्रे असतात. त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. संगणकाने जास्त इंधन मागितले होते. त्याचे ऐकून इंजिनाची इंधन-झडप पूर्ण उघडलीही होती. पण इंधन यायला हवे तितके आले नाही. म्हणजे डोक्याने हुकूम दिला, हाताने तो पाळला, नळ उघडला. पण नळाला पाणीच नाही. तेव्हा अडथळा झडपेच्या अलीकडे, टाकीपासून झडपेपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असला पाहिजे.

दुसरी खूण पंपांवर मिळाली. दोन्ही इंजिनांच्या मोठ्या दाबाच्या इंधनपंपांत आतून ताजे ओरखडे व खड्डे होते. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबली आणि पंप तसाच ओढत राहिला, की पाण्यात बुडबुडे होतात, पंप खडखडतो आणि त्याची पाती खाल्ली जातात. इथेही तेच झाले होते. पंप ओढत होते आणि मागून इंधन येत नव्हते.

मग वाट अडविली कशाने? सारा मार्ग उघडून पाहिला, तर तो स्वच्छ. अडविणारी वस्तू काम करून नाहीशी झाली होती. हा चोर स्वतःच पुरावा घेऊन पळाला होता, कारण तो बर्फ होता. आणि जमिनीवर आल्यावर तो वितळून गेला.

बर्फ आला कुठून, असे तुम्ही विचाराल. इंधन चांगले होते हे तर वर सांगितलेच. पण अगदी चांगल्या इंधनातही पाण्याचा किंचित अंश असतोच. हवेत जशी डोळ्यांना न दिसणारी वाफ असते, तसा तो मुरलेला असतो. बीजिंगमध्ये भरलेल्या सत्तर-पंचाहत्तर टन इंधनात सारे मिळून पाच लिटरांच्या आसपास पाणी असावे, असा हिशोब निघाला. घागरभरसुद्धा नाही. इंधन थंड होऊ लागले, की हे पाणी वेगळे होते आणि त्याचे बारीक स्फटिक बनतात. उणे ५ ते उणे २० अंशांच्या दरम्यान हे स्फटिक चिकट असतात. ते नळ्यांच्या आतल्या अंगाला धरतात. दूध मंद आचेवर ठेवले, की भांड्याच्या कडेला साय धरते, तसा थर बसत जातो.

त्या दिवशी विमान फार सावकाश, फार जोर न मागता उंचावरून येत होते. इंधनाचा प्रवाह तासन् तास मंद होता. थर बसायला याहून चांगली संधी नाही. मग उतरताना एकदम जास्त जोर मागितला गेला. प्रवाह वाढला आणि साठलेला थर सुटून इंधनाबरोबर पुढे वाहत गेला.

पुढे वाटेत एक भांडे होते. त्यात इंजिनाचे गरम तेल आणि थंड इंधन शेजारी शेजारी वाहतात. तेल निवते, इंधन तापते, दोघांचेही काम होते. इंधन त्यातल्या हजारावर बारीक नळ्यांमधून जाते. थोडा बर्फ आला तर तो इथे वितळावा, अशीच ही योजना. पण एकदम पुष्कळ बर्फ आला, तो त्या नळ्यांच्या तोंडांवर बसला, आणि वितळायच्या आत वाट अडली. पहिल्या टप्प्यातल्या प्रयोगांत तपासनिसांना दिसले, की २५ मिलिलिटर पाणी, म्हणजे औषधाचे पाच चमचे, थंड इंधनात एकदम सोडले, तरी ही वाट आवळण्याइतका बर्फ होतो.

एवढ्यावरही तपासनीस थांबले नाहीत. या जातीच्या विमानांच्या लाखाहून अधिक उड्डाणांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. इतकी थंडी, प्रवासात इतका मंद प्रवाह आणि उतरताना एकदम इतकी मोठी मागणी, या तिन्ही गोष्टी त्याच उड्डाणात एकत्र आल्याचे दिसले. एकेकटी गोष्ट पुष्कळदा घडत होती. तिन्ही मिळून घडल्या तेव्हा घात झाला.

आणि तरीही अहवालाने हात राखून शब्द वापरला, 'बहुधा'. कारण बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ज्यांनी दोन वर्षे झिजून शोधले त्यांनी 'बहुधा' म्हटले. आणि ज्यांनी दोन तासांत ठरविले त्यांचा आवाज खात्रीचा होता. हा फरक लक्षात ठेवावा असा आहे.

घाई केली असती तर

आता या साऱ्या प्रकरणाचा गाभा सांगतो. समजा, पहिल्याच आठवड्यात 'वैमानिक चुकला' असा निकाल लावून कागद मिटविले असते. एका माणसाला शिक्षा झाली असती, लोकांचे समाधान झाले असते. पण ती नळ्यांची भांडी तशीच जगभर उडत राहिली असती.

हे नुसते 'समजा' नाही. त्याच वर्षी २६ नोव्हेंबर २००८ रोजी डेल्टा कंपनीचे बोइंग ७७७ विमान चीनमधील शांघाय येथून अमेरिकेतील अटलांटा येथे चालले होते. इंजिने त्याच बनावटीची होती. अमेरिकेच्या मोंटाना राज्यावर, सुमारे ३९ हजार फुटांवर असताना त्याच्या उजव्या इंजिनाचा जोर तसाच घसरला. पण इथे खाली भरपूर आकाश होते आणि एकच इंजिन अडले होते. शिवाय हीथ्रोच्या तपासातून तोवर निघालेले अर्धेमुर्धे ज्ञान वैमानिकांसाठी कृतीच्या रूपाने लिहिले गेले होते. त्या कृतीतली मेख अशी, की इंजिन जोर देत नसेल तर जास्त मागू नका, उलट मागणी अगदी कमी करा. प्रवाह मंदावला, की गरम तेलाला बर्फ वितळवायला वेळ मिळतो. वैमानिकांनी विमान खाली आणले, दिलेल्या कृतीप्रमाणे केले, इंजिन पूर्ववत झाले, आणि विमान अटलांटाला सुखरूप उतरले.

विचार करा, अडलेल्या इंजिनाला जास्त दामटणे हेच कुणाच्याही हाताला आधी सुचेल. नेमके उलटे करायचे, हे तर्काने कळले नसते. ते तपासाने कळले.

पुढे इंजिन बनविणाऱ्या रोल्स-रॉइस कंपनीने ते भांडे बदलले. जुन्या भांड्यात बारीक नळ्यांची टोके तबकडीच्या बाहेर काही मिलिमीटर आलेली होती. बर्फ त्यांच्यामध्ये अडकून बसे. नव्यात ती टोके तबकडीच्या सपाटीला आणली. एवढीशीच दुरुस्ती, पण युरोप-अमेरिकेच्या विमानवाहतूक अधिकाऱ्यांनी ती सक्तीची केली. अहवालात आणखी एक कबुली होती. जुने भांडे त्या काळच्या सर्व नियमांना धरूनच होते. पण नियम करणाऱ्यांनाच हा धोका ठाऊक नव्हता. म्हणजे येथे दोषी माणूस शोधायला निघालेला रिकाम्या हाताने परतला असता. जो कारण शोधायला निघाला, त्याला ते सापडले.

चौकशी कशासाठी

जगभरच्या विमान-अपघातांच्या चौकशीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची नियमावली आहे. तिचे तेरावे परिशिष्ट प्रथम १९५१ साली मंजूर झाले. त्यातले तत्त्व असे, की चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी कुणाच्या माथी मारणे हा नाही. कुणी गुन्हा केला असेल, तर त्याच्यासाठी न्यायालये आहेतच. पण तपासनीस फाशीचा दोर हातात घेऊन आला, तर त्याच्यापुढे कोण खरे बोलेल? भारतातही या कामासाठी २०१२ साली वेगळा विमान अपघात तपास विभाग स्थापन झाला.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाण करताच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले, जमिनीवरचीही माणसे गेली. त्या संध्याकाळी आपल्याकडे चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या शिक्षकखोलीत काय काय बोलले गेले, ते आठवून पाहा. कारण 'नक्की' सांगणारी किती माणसे भेटली? त्या बोलण्यात एखाद्या मृत वैमानिकाचे नाव सहज येते. त्याचे आईवडील, त्याची मुले कुठेतरी तेच ऐकत असतात, हे बोलणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

मग तर्क करूच नये का? करावा. तर्काशिवाय तपास सुरूच होत नाही. वैमानिकांनी काढलेले जे तर्क वर सांगितले, ते तपासनिसांनी टाकून दिले नाहीत. इंधन संपले का, घाण होती का, पक्षी होते का, असे करीत एकेक तपासून खोडले. तर्क हा प्रश्न म्हणून फार कामाचा असतो. निकाल म्हणून तो घातक ठरतो.

चांगला तर्क ओळखायच्या तीन खुणा सांगतो. पहिली, तो कसा तपासायचा हे तर्क करणाऱ्याला सांगता आले पाहिजे. दुसरी, काय आढळले तर तो तर्क सोडून देईन, हे त्याने आधीच सांगितले पाहिजे. तिसरी, माणसाकडे बोट करण्याआधी यंत्र, हवा, वेळ, नियम, साऱ्यांकडे पाहून झाले पाहिजे. वैमानिक कधीच चुकत नाहीत असे मुळीच नाही. चुकतात, आणि तपासात तेही बाहेर येते. पण ते शेवटी सिद्ध व्हावे, आरंभी गृहीत धरू नये.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. पावसाळ्याच्या दिवसांत एका कोरड्या तांब्यात बर्फ घातलेले पाणी भरा आणि वर्गात मेजावर ठेवा. थोड्या वेळाने तांब्या बाहेरून ओला होईल. मुलांना विचारा, हे पाणी कुठले? पुष्कळ मुले सांगतील, "तांब्या पाझरतो." त्यांना हसू नका, तर्क वावगा नाही. विचारा, "हे खरे की खोटे, कसे ओळखाल?" मग पाण्यात थोडी शाई टाका. बाहेरचे थेंब बोटाने पुसून पाहा. ते बिनरंगाचे निघतील. पाणी आतून आले नाही; हवेतली न दिसणारी वाफ गार होऊन तिथे जमली. विमानाच्या इंधनातले न दिसणारे पाणी थंडीत असेच वेगळे झाले, हे त्यावरून मुलांना समजेल. आणि त्याहून मोठी गोष्ट समजेल, ती ही की तांब्याला फुटका म्हणण्यापूर्वी शाईचा एक थेंब टाकून पाहावा लागतो.

गावातल्या कामांतही हेच लागू आहे. दूधसंस्थेचे दूध नासले, पाण्याच्या योजनेची मोटर जळाली, शाळेच्या सहलीची गाडी घसरली, की पहिल्या तासात एखादे नाव पुढे येते. त्या तासात दोन गोष्टी कराव्यात. जे जसे आहे तसे राखून ठेवावे, म्हणजे पुरावा नष्ट होणार नाही. आणि जे दिसले तेवढेच लिहून ठेवावे. जे वाटले ते वेगळ्या कागदावर लिहावे. चौकशी होईल तेव्हा दोन्ही कागद उपयोगी पडतील. पण ते एकमेकांत मिसळले, तर एकाचाही उपयोग होणार नाही.